जुन्या जीपमध्ये पाच गतींचा गिअरबॉक्स : प्रस्तावना

जुन्या गाडीचे इंजिन ठेवून तिच्यात नंतरच्या पिढीचा गिअरबॉक्स आणि वाढीव ताकदीचा क्लच बसवायचा, तर महिंद्राच्या जीपइतकी सोयीची गाडी महाराष्ट्रात दुसरी सापडणे कठीण. चासिस शिडीसारखी सरळ असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे तिन्ही भाग वेगळे उतरवता येतात. एकाच कंपनीने कित्येक दशके तोच मूळ आराखडा थोडाथोडा बदलत चालवल्यामुळे एका पिढीचे भाग दुसऱ्या पिढीला जुळण्याची शक्यताही बरीच राहते. नाशिक जिल्ह्यात तर या गाडीचे माहेरच आहे. महिंद्राचा कारखाना नाशिकला सातपूरच्या पट्ट्यात आहे, इंजिनांचा इगतपुरीला. त्यामुळे जीपचा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवता येणारे हात या भागात तालुक्याच्या गावीही मिळतात.

दिंडोरी तालुक्यातले वणी या कामाची गरज समजून घ्यायला योग्य ठिकाण आहे. गावाच्या उत्तरेला नांदुरी, आणि नांदुरीपासून सप्तशृंगी गडाचा वळणावळणाचा घाट. पश्चिमेला सुरगाण्याकडे आणि सापुताऱ्याकडे चढत जाणारे रस्ते. खाली पिंपळगाव बसवंतची बाजार समिती, जिथे टोमॅटो आणि द्राक्षे भरून गाड्या जातात. चैत्रातल्या आणि नवरात्रातल्या यात्रेत नांदुरीच्या पुढे खासगी वाहने सोडत नाहीत, भाविकांना एसटी वर नेते; पण एरवी वर्षभर भरलेली जीप घाटात असतेच. भार, चढ, मध्येच थांबणे आणि पुन्हा निघणे या चार गोष्टी एकत्र आल्या की जुन्या गिअरबॉक्सचे आणि क्लचचे सगळे दोष उघडे पडतात. सपाट हमरस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हेच दोष वर्षानुवर्षे दडून राहतील.

महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथेच बनू लागली आणि परदेशात तिचे उत्पादन थांबल्यावरही तिचे वंशज भारतात निघत राहिले. या जीपचा गिअरबॉक्स होता टी-९०, तीन गतींचा. हीच रचना विलीजने १९४५च्या सीजे-२ए या नागरी जीपमध्ये दिली होती. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७९८, दुसऱ्याचे १.५५१ आणि तिसरा थेट, म्हणजे १. मागे जोडलेल्या स्पायसर-१८ या ट्रान्सफर केसमध्ये लो रेंजचे गुणोत्तर २.४६, तर क्राउन-पिनियनचे ५.३८. लोखंड भक्कम, दुरुस्ती सोपी, आणि शेताच्या बांधावर चालण्यासाठी पुरेसे. पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. घाटात दुसऱ्यात दम तुटला की चालत्या गाडीत पहिला टाकताना डबल क्लच मारून इंजिनचा वेग नेमका जुळवावा लागतो. नाही जुळला तर दात करकरतात आणि गाडी जागीच उभी राहते. भरलेली गाडी चढावर उभी राहणे म्हणजे पुन्हा हाफ क्लचवर उचलणे, आणि क्लच जळण्याची सुरुवात इथेच होते.

१९८५मध्ये एमएम-५४० आली. तिच्यात प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन होते. या पिढीत केएमटी-९० हा चार गतींचा गिअरबॉक्स रुळला आणि नंतर प्यूजोच्याच घराण्यातला बीए-१० हा पाच गतींचा. पुढे बोलेरो २००० साली, स्कॉर्पिओ २००२ साली आणि थार २०१० साली आली. या काळात एनजीटी मालिकेतले ५२० आणि ५३० हे पाच गतींचे गिअरबॉक्स पसरले. आज जुन्या जीपसाठी गिअरबॉक्स शोधणाऱ्यापुढे प्रामुख्याने हे दोनच रस्ते असतात. बीए-१० घ्यावा, कारण प्यूजोच्या डिझेल इंजिनाबरोबर तो कंपनीनेच बसवला होता आणि त्यासाठीची बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे घर, तयार मिळते. किंवा एनजीटी घ्यावा, कारण तो अधिक टॉर्क सोसतो आणि त्याचे सुटे भाग अजून सहज मिळतात. जीपमध्ये एक्सडीपी इंजिन असेल तर पहिला रस्ता इतका सरळ आहे की दुसऱ्याकडे वळायला ठोस कारण हवे. पेट्रोलचे जुने हरिकेन इंजिन किंवा ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंटरनॅशनल डिझेल असेल तर मात्र दोन्ही रस्ते लेथमधूनच जातात.

पाच गतींच्या गिअरबॉक्सकडे लोक बघतात ते पाचव्या गिअरसाठी. त्याचा फायदा खरा आहे आणि तो मोजताही येतो. ६.००-१६ मापाच्या टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा धरला, तर ताशी ७० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ५३० फेरे घेते. ५.३८च्या क्राउन-पिनियनवर आणि थेट गिअरमध्ये इंजिनचे फेरे होतात २,८५०. पाचव्याचे गुणोत्तर ०.८२ असेल तर हाच आकडा २,३४०वर येतो. नाशिक-पिंपळगावच्या महामार्गावर जुन्या डिझेल जीपचा कानठळ्या बसवणारा आवाज बराच निवतो, डिझेल वाचते, इंजिनही कमी झिजते.

वणीच्या परिसरात मात्र जास्त मोलाचा ठरतो तो पहिला गिअर. टी-९०मध्ये पहिला गिअर आणि क्राउन-पिनियन मिळून एकूण गुणोत्तर १५.०५ होते. नव्या गिअरबॉक्सचा पहिला ३.६च्या आसपास असेल तर ते १९.३७ होईल. इंजिन तेच राहून चाकावरची ओढ जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढली. सावकाश चालण्यातला फरकही तेवढाच. इंजिन ७०० फेऱ्यांवर नुसते फिरत असताना जुन्या पहिल्यात जीप ताशी ६.१ किलोमीटरने चालते, नव्यात ४.८ने. ट्रान्सफर केस लो रेंजमध्ये टाकली तर एकूण गुणोत्तर ३७वरून ४७.६वर जाते. पावसाळ्यात चिखलाच्या पांदीतून द्राक्षबागेकडे जाणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

क्लचच्या आयुष्याचा खरा निकाल याच ठिकाणी लागतो. उभी गाडी निघताना इंजिन आधीच फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. दोन्हींचा वेग जुळेपर्यंत क्लच प्लेट घसरते. सपाट रस्त्यावर या घसरणीत जेवढी उष्णता तयार होते ती साधारणपणे त्या क्षणी गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकूण गुणोत्तर १५.०५वरून १९.३७ झाले की इंजिनच्या त्याच फेऱ्यांवर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाठावा लागणारा वेग कमी होतो आणि प्लेटवरची उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी घटते. चढावर बचत याहून जास्त, कारण तिथे घसरत असतानाही गाडीचे वजन पेलावे लागते. २,००० किलोची भरलेली जीप आठास एक अशा चढावर उभी असेल तर ती नुसती हलवायला चाकावर सुमारे २,८४० न्यूटन बल लागते. टायरची त्रिज्या ०.३५ मीटर आणि वाटेतली घट १५ टक्के धरली तर जुन्या पहिल्यात क्लचमधून सुमारे ७८ न्यूटन-मीटर टॉर्क जावा लागतो, नव्यात ६०. म्हणून नुसता कडक प्रेशर प्लेट आणून जुन्या गिअरबॉक्सला जोडणारा माणूस रोगाऐवजी लक्षणावर औषध देत असतो. खाली गुणोत्तर दुरुस्त केले की पुष्कळदा मूळ मापाचा चांगला क्लचही पुरतो.

तरीही क्लच बदलावा लागण्याची कारणे उरतात. गिअरबॉक्सबरोबर पुढे इंजिनही बदलायचे मनात असेल तर ते मुख्य कारण. एक्सडीपी ४.९०चा टॉर्क सुमारे १२० न्यूटन-मीटर. जुन्या बोलेरोतल्या टर्बो डीआय इंजिनाचा १८०. जुन्या थारमधल्या सीआरडीई इंजिनाचा २४७. क्लचची क्षमता चार गोष्टींवर ठरते: घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, जी एका प्लेटला नेहमी दोन असते. साडेआठ इंची, म्हणजे २१६ मिलिमीटरची प्लेट, घर्षणांक ०.३ आणि दाब ४,००० न्यूटन धरला तर क्षमता २१७ न्यूटन-मीटर येते. १२० टॉर्कच्या इंजिनाला ही १.८ पट राखीव झाली, भरपूर. १८०च्या इंजिनाला ती १.२ पट उरते आणि घाटात तापल्यावर घर्षणांक उतरला की तीही संपते. २४० मिलिमीटरची प्लेट आणि ४,५०० न्यूटनचा दाब घेतला तर क्षमता २७०वर जाते, राखीव दीडपट. ओझ्याच्या गाडीला याहून खाली जाऊ नये. वर किती जावे यालाही मर्यादा आहे. दाब वाढवला तर पाय थकतो, पेडलचे बुश झिजतात आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर ताण येतो. जागा असेल तर दाब वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणे केव्हाही शहाणपणाचे. शर्यतीच्या गाड्यांतल्या धातूमिश्रित बटणांच्या प्लेटचा मोह तर टाळावाच. ती तापल्यावर उत्तम धरते, पण हाफ क्लच तिला सोसत नाही. गाडी धक्का देत निघते आणि तो धक्का पुढे शाफ्टच्या क्रॉसला आणि क्राउन-पिनियनला बसतो.

व्यास वाढवायचा तर फ्लायव्हीलवर तेवढी जागा हवी. प्रेशर प्लेटच्या बोल्टची भोके वेगळ्या वर्तुळावर येतात. ती फ्लायव्हील उतरवून मशीनवरच पाडावी लागतात. फ्लायव्हीलचा घासणारा चेहरा निळा पडला असेल किंवा त्यावर केसासारख्या भेगा दिसत असतील तर तो घासून सपाट करावा. किती धातू काढला हे लिहून ठेवावे, कारण तेवढेच अंतर क्लच फॉर्कच्या हालचालीत वाढते. भोके पाडून झाल्यावर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट जोडून तोल तपासून घ्यावा. हा खर्च वाचवणारी गाडी महामार्गावर थरथरून तो वसूल करते.

आता जोडणीकडे. इंजिन आणि परका गिअरबॉक्स यांच्यामध्ये येते बेल हाउसिंग किंवा तिच्या तोंडावर बसवलेली अडॅप्टर प्लेट. बघणाऱ्याला ही केवळ भोके पाडलेली जाड प्लेट वाटते. प्रत्यक्षात सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा, आणि इथे चूक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात मोजतात. फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर फिरवतात. गेजची काटा-हालचाल एका फेऱ्यात ०.२५ मिलिमीटरच्या आत असावी, म्हणजे दोन मध्यांतले अंतर ०.१२५च्या आत. त्याहून जास्त असेल तर पायलट बेअरिंग लवकर जाते, गिअर अडकून पडतात आणि प्लेटच्या मधल्या स्प्लाइनचे दात एकाच बाजूने झिजतात. हा दोष नंतर गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो आणि चांगला गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा उघडला जातो. डायल गेजशिवाय केलेली जोडणी कामचलाऊच समजावी, मग करणारा कितीही जुना मिस्त्री असो.

इनपुट शाफ्टची लांबी हे दुसरे माप. शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगमध्ये पूर्ण बसले पाहिजे, पण क्रँकशाफ्टच्या तळाला टेकता कामा नये. क्लच प्लेटचा मधला भाग नव्या शाफ्टच्या स्प्लाइनला जुळणारा हवा, तर बाहेरचा व्यास फ्लायव्हीलला. म्हणून अशा जोडणीत प्लेट एका गाडीची आणि प्रेशर प्लेट दुसऱ्या गाडीची असणे हे नेहमीचेच. रिलीज बेअरिंगची उंची या दोघांच्या मधून ठरते आणि ती अंदाजाने ठरवता येत नाही. प्रेशर प्लेट घट्ट केल्यावर तिच्या पाकळ्या बेल हाउसिंगच्या तोंडापासून किती आत येतात हे मोजूनच ती घ्यावी लागते. बेअरिंग पाकळ्यांना सतत टेकून राहिले तर क्लच पूर्ण धरत नाही, आणि फार दूर राहिले तर पूर्ण सुटत नाही.

जुन्या जीपचा क्लच दांड्यांनी किंवा केबलने चालतो. नव्या क्लचला हायड्रॉलिक व्यवस्था सोयीची, कारण इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलले तरी पेडलचे माप बदलत नाही. वर पाच अष्टमांश इंचाचा मास्टर सिलिंडर आणि खाली तीन चतुर्थांश इंचाचा स्लेव्ह सिलिंडर घेतला तर पायाचे बल १.४४ पट होते. त्याच हिशेबाने फॉर्कची हालचाल तेवढीच कमी होते. पेडल हलके झाले पण क्लच सुटेना, अशी तक्रार बहुधा या दोन सिलिंडरांच्या मापाचा मेळ न घातल्याने येते.

गिअरबॉक्सची मागची बाजू ही पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची, आणि जीपमध्ये तर अधिक. स्पायसर-१८ ट्रान्सफर केसमधून पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट गाडीच्या मध्यरेषेच्या उजवीकडून निघतात. जुन्या जीपच्या मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियलही त्यासाठी उजवीकडे सरकवलेला असतो. नव्या पिढीतील फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणला तर त्याचा शाफ्ट मध्यावरून निघतो आणि सरकलेल्या डिफरन्शियलला तिरका जातो. तेव्हा एक तर जुनी ट्रान्सफर केस नव्या गिअरबॉक्सला जोडायची किंवा मागचे ॲक्सलही बदलायचे. हा निर्णय गिअरबॉक्स विकत घेण्याआधी व्हायला हवा. पुष्कळ अर्धवट जीपा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतात त्याचे कारण हा हिशेब उशिरा सुचणे. जुनी ट्रान्सफर केस राहिली तर एक फायदा आपोआप मिळतो. स्पीडोमीटरची केबल तिच्यातूनच निघत असल्याने काटा पूर्वीसारखाच बरोबर दाखवतो.

पाच गतींचा गिअरबॉक्स तीन गतींच्यापेक्षा लांब असतो. त्यामुळे ट्रान्सफर केस मागे सरकते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, पुढचा लांबवावा लागतो. सीजे-३बीच्या चाकांतले अंतर जेमतेम ८० इंच. तिच्यात मागचा शाफ्ट मुळातच आखूड. समजा शाफ्ट ५०० मिलिमीटरचा आहे आणि ट्रान्सफर केस ते ॲक्सल यांच्या उंचीत १५० मिलिमीटरचा फरक आहे, तर क्रॉसवरचा कोन सुमारे साडेसतरा अंश होतो. तोच शाफ्ट ३५० मिलिमीटरचा केला तर २५ अंशांच्या पुढे. या कोनात क्रॉस गरगरतो, थरथर चासिसभर पसरते आणि गाडी उंच केलेली असेल तर भरच पडते. लांब चाकांतर असलेल्या एमएम-५४० किंवा कमांडरला ही अडचण कमी जाणवते. आखूड जीपमध्ये इंजिन थोडे पुढे घेणे हा एक उपाय, पण मग पंखा रेडिएटरला भिडतो. तेव्हा प्रत्येक सेंटिमीटरसाठी भांडावे लागते. शाफ्ट कापून वेल्डिंग केल्यावर दोन्ही टोकांचे क्रॉस एकाच पातळीत आहेत ना हे पाहावे आणि तोल करूनच तो बसवावा.

क्रॉस मेंबर, गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग आणि पायाखालचा पत्रा ही कामे त्यामानाने वेल्डरच्या हातची. लिव्हर मागे येतो तेवढा पत्रा कापावा लागतो. माउंटिंगच्या ठिकाणी मूळ चासिसला भोके पाडण्याऐवजी जुन्या भोकांवर बसणारा नवा क्रॉस मेंबर तयार करणे बरे. पुढेमागे मूळ गिअरबॉक्स पुन्हा बसवायचा झाला तर गाडी तशी करता येते.

कायद्याची बाजू अनेकांना धास्तीची वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन आणि चासिसचा क्रमांक, घनक्षमता, इंधन, चाकांतर, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचे वजन असते. गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. इंजिन बदलणे मात्र परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय करण्याजोगे काम नव्हे. १५ वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. चासिस कापलेली, वाढवलेली किंवा इंजिनचा क्रमांक न जुळणारी गाडी तिथे अडते. गिअरबॉक्सच्या कामातच इंजिनही उरकून घ्यायचे ठरले असेल तर एमएच-१५च्या गाडीने प्रथम नाशिकच्या कार्यालयात विचारपूस करावी, लेथवाल्याकडे नंतर जावे.

जुना गिअरबॉक्स कुठून आणावा हाही प्रश्न असतोच. मुंबईत कुर्ल्याला आणि दिल्लीत मायापुरीला जुन्या भागांचे मोठे बाजार आहेत. बंद बॉक्स हाताने फिरवून आवाज ऐकणे पुरेसे नाही. वरचे झाकण काढून सिंक्रोमेशच्या पितळी कड्या, तिसऱ्या-चौथ्याच्या सिलेक्टर फॉर्कची टोके आणि इनपुट शाफ्टची वर-खाली हालचाल पाहावी. तेलात चकाकणारी पिवळी भुकटी म्हणजे कड्या संपत आल्या. घेताना बेल हाउसिंग, क्लच फॉर्क, लिव्हर आणि माउंटिंग हे सगळे एकाच गाडीचे मिळाले तर जास्त पैसे मोजूनही घ्यावे. नंतर तेच भाग सुटे शोधताना दुप्पट हिंडावे लागते.

जोडणी झाल्यावर गिअरबॉक्समध्ये त्याच्या निर्मात्याने सांगितलेलेच तेल भरावे. डिफरन्शियलचे जीएल-५ प्रतीचे तेल उरले आहे म्हणून ओतू नये, कारण त्यातली काही मिश्रणे पितळी कड्यांना खातात. नवी क्लच प्लेट पहिले काही शे किलोमीटर हलक्या भाराने आणि कमी घसरवून बसू द्यावी लागते. तोवर गाडी गावातल्या फेऱ्यांना वापरावी, भरलेल्या गाडीने नांदुरीचा घाट चढू नये. त्यानंतर पेडलची मोकळी हालचाल पुन्हा मोजावी, बेल हाउसिंगचे आणि शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि गिअरबॉक्सचे पहिले तेल लवकर काढून त्यात धातूचे कण आहेत का ते बघावे.